कराड ते शेणोली, कालव्याच्या भरावावरून

रेल्वेने पहिल्यांदा कराडला येणारा एकदा तरी गोंधळतोच, कारण कराड स्टेशन शहरात नसून ओगलेवाडीला आहे. मला ते सोयीचंच होतं. इथून बनवडीच्या बाजूने खोडशीच्या बंधाऱ्याकडे जायचं आणि तिथून निघणारा कृष्णा कालवा धरून शेणोली स्टेशन गाठायचं, असा बेत होता. फेरा धरून वीसेक किलोमीटर. ओगलेवाडी म्हणजे ओगल्यांचा १९१६ सालचा काच कारखाना आणि प्रभाकर कंदील. कारखाना बंद पडला, नाव राहिलं.

खोडशीचा दगडी बंधारा इंग्रजांच्या काळातला, १८६०च्या दशकातला. त्याच्या डाव्या काठाने कालवा सुटतो. नदी उताराला पळते. कालव्याला ती चैन परवडत नाही. तो जितकी उंची राखेल तितकी जास्त जमीन त्याच्या खाली भिजणार. म्हणून तो सरळ न जाता टेकाडाच्या कडेकडेने, नकाशात उगाच वाटावेत असे वळसे घेत जातो. चालणाऱ्याच्या पायांना ते बरोबर कळतं. वाट लांबते, पण चढ कुठेच लागत नाही.

सैदापूर-विद्यानगरचा भाग भरभर उरकला. निर्माल्य, प्लास्टिक, रहदारी. कृष्णा नि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मिळून पूर्वेला वळतात तो प्रीतिसंगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी, हे सगळं पलीकडच्या तीरावर. ते पुन्हा कधीतरी.

शहर संपलं आणि ऊस सुरू झाला. एका मोरीपाशी बनियन घातलेले एक काका दारं धरत होते, म्हणजे उसाला सरीसरीने पाणी देत होते. एक सरी भरली की फावड्याच्या दोन घावांत दारं मोडायचं, तीच माती उचलून मागच्या सरीच्या तोंडाला दाबायची, वर टाचेने एक ठोसा. पाणी क्षणभर घुटमळून नव्या सरीत शिरायचं. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय पाव्हणं, मोजणीला आलाय जणू?" भरावावरून पाठीला पिशवी लावून चालणारा माणूस सरकारीच असणार! नुसता फिरायला आलोय म्हटल्यावर ते हसले. "फिरा की. पर म्होरं भराव खचलाय, खालच्या अंगानं जावा."

याच पट्ट्यात टेंभू आहे. गोपाळ गणेश आगरकरांचं हे जन्मगाव, पण आता टेंभू म्हटलं की लोकांना आधी उपसा योजना आठवते. कृष्णेचं पाणी इथून पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेलं जातं. जुन्या कालव्याला विजेचं एक युनिट लागत नाही, पण त्याच्या रेषेच्या वरची जमीन त्याने कायमची कोरडी सोडली. उपशाने ती रेषा ओलांडली खरी, मात्र बिलासकट. मला दोन्हींचं कौतुक आहे. फुकटच्या पाण्याने खालच्या अंगाला काय होतं तेही दिसतं: पाणी जास्त झालेल्या रानात मीठ फुटून पांढरे चट्टे पडलेत, आणि तिथे ऊसही गुडघाभरच.

दुपारनंतर पाय बोलू लागले. शेतरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा, त्यामुळे भाकरी खाताना पाठ रस्त्याकडे केली.

शेणोली स्टेशन लहानसं आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर उभ्या केलेल्या भूमिगत सरकारच्या, तुफान सेना या सशस्त्र दलाने रेल्वे कामगारांचे पगार नेणारी गाडी अडवली, ती या शेणोलीत. कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड त्यात पुढे होते. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि पैसा ताब्यात घेतला. एवढ्या गोष्टीसाठी तरी लोकांनी इथे मुद्दाम उतरावं, असं मला वाटतं.

जाणार असाल तर परतीच्या पॅसेंजरची वेळ आधी बघून ठेवा. बहुतेक एक्स्प्रेस इथे थांबत नाहीत. पाणी भरपूर घ्या, कालव्याचं पिऊ नका. आणि कुणी दारं धरत असेल तर पाटाच्या कडेवर पाय देऊ नका, ती लगेच ढासळते.