मोरपिशी शाई आणि मे महिना

जळगाव, १७ मे

मे संपत आला की निरोप समारंभांची रांग लागते. शाळेत नाव घालताना एका पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून लावली गेली. म्हणून ३१ मे आला की खान्देशातल्या शाळांमधून, कचेऱ्यांमधून गुरुजी, बाई, भाऊसाहेब एकदमच निवृत्त होतात. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ ठरलेलंच असतं. पण ज्या गुरुजींच्या खिशाला आजही शाईचा पेन आहे, त्यांना दौत द्यावी, आणि तीही रंगीत. नोकरीभर त्यांनी लिहायला निळी-काळी वापरली आणि तपासायला लाल. आता कोणता रंग वापरायचा हे सांगणारं कुणी नाही.

तरी निवड करताना रंगाचा विचार शेवटी करावा. आधी पेन, मग कागद, मग आपलं ऊन.

पेन ड्रॉपरने भरायचा आहे की पंपाचा, हे आडून आडून विचारून घ्यावं. पंपात अर्धा ते एक मिली शाई मावते, ड्रॉपरच्या पेनच्या नळीत दोन ते चार मिली. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा या दुसऱ्या पेनची खोड बाहेर येते. नळीतली शाई तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेली की हवा जास्त होते. हाताच्या उबेने, उन्हाने ती फुगते आणि निबच्या वाटेने शाई ढकलते. पेन शाई ओकतो, पांढऱ्या शर्टाचा खिसा जातो. रॉयल ब्लूचा डाग बराचसा धुतला जातो. गर्द गुलाबी आणि जांभळ्याचा सहसा जात नाही. असा पेन असेल तर भडक रंग टाळावा आणि नळी अर्ध्यावर आली की भरून घ्यायला सांगावं.

चमकीची शाई मात्र देऊच नये, निदान बारीक निबवाल्याला तरी. चमकी म्हणजे अभ्रकाचे कण. ते दौतीच्या तळाशी बसतात आणि पेनच्या जिभेतही, म्हणजे निबखालच्या शाई पुढे आणणाऱ्या भागातही बसतात. उन्हाळ्यात निबवरचं पाणी लवकर उडतं, मागे घट्ट शाई आणि कण राहतात, नि दुसऱ्या दिवशी पेन उठत नाही. आडव्या प्रकाशात लाल झाक मारणाऱ्या दाट शायांचं दुखणं वेगळं. ती झाक दिसायला गुळगुळीत, कमी शोषणारा कागद लागतो. आपल्या नेहमीच्या लाँगबुकात शाई आत मुरते आणि झाक दिसतच नाही. चांगला कागद मिळाला तरी घामाचा हात लागला की अक्षर फरफटतं. एवढे पैसे त्यापेक्षा साध्या, नीट वाहणाऱ्या शाईवर खर्च करावेत.

एक चूक दुकानातच होते. चित्रकलेच्या सामानात मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक दिसायला दौतीसारखीच असते. तिच्यात लाख किंवा तसाच चिकट पदार्थ असतो. एकदा पेनमध्ये वाळली की जीभ कायमची बुजते. दौतीवर ‘फाउंटन पेन’ असं छापलेलं असेल तरच घ्यावी.

आता रंग. मोरपिशी हा माझ्या मते भेटीसाठी सगळ्यात भरवशाचा. निळ्याची सवय सुटत नाही, हिरव्याचा नवेपणा मिळतो आणि कमी उजेडात वाचता येण्याइतका तो गडद असतो. त्याच्या खालोखाल रावेर-यावलच्या केळीच्या जुन्या पानाचा गडद हिरवा, आणि नंदुरबारला पथारीवर वाळून काळपटलेल्या मिरचीचा तपकिरी-लाल. ताज्या मिरचीचा लाल नको, त्याला वह्या तपासण्याचा वास आहे. भरिताच्या वांग्यांचा पोपटी हिरवाही मनात येतो, पण तो कागदावर इतका फिका पडतो की चष्मेवाल्याला त्रास होईल. दौतीसोबत एवढं सांगावं: चेकवर आणि सरकारी अर्जावर निळी-काळीच वापरा. चेकची आता प्रतिमा काढली जाते, आणि फिका रंग तिच्यात नीट उमटत नाही.

घ्यायची कुठली? पायलट या जपानी कंपनीच्या इरोशिझुकू मालेत कु-जाकु नावाची मोरपिशी शाई आहे. जपानीत नावाचा अर्थच मोर. ५० मिलीची जड काचेची दौत हातात घेतल्यावरच भेट वाटते. डायमाइन या इंग्लिश कंपनीच्या ३० मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरपूर रंग आहेत, दोन-तीन मिळून एक भेट होते. देशी हवी तर १९३४ पासूनची बंगालची सुलेखा आहे. एका भरणीला पाऊण मिली धरली तर ३० मिलीत ४० भरण्या होतात. एका माणसाला त्या भरपूर झाल्या.

संध्याकाळी दोन मोरपिशी आणि एक तपकिरी, तिन्हींची चाचणी लावली आहे. कागद लाँगबुकचाच, कारण गुरुजी त्यावरच लिहिणार. कापसाच्या काडीने ओढलेला पट्टा फसवतो: काडी जास्त शाई सोडते, रंग गडद दिसतो. म्हणून पट्ट्याखाली मध्यम निबने तीन ओळी. वीस सेकंदांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवायचं, दुसरीवर पाण्याचा एक थेंब टाकून टिपकागदाने टिपायचा, तिसरी तशीच ठेवायची. मग पान उलटून शाई मागे उमटली का, अक्षराच्या कडा फुटल्या का ते पाहायचं.

१८ मे, सकाळ

रात्री ट्यूबलाइटखाली पहिली मोरपिशी निळीकडे झुकत होती. आज वाळल्यावर, खिडकीच्या उजेडात तिचा हिरवा वर आला आहे, आणि अक्षराच्या शेवटी जिथे शाई साचते तिथे गडद ठिपका राहिला आहे. वेलांटीच्या वळणात फिकी, टोकाशी दाट. शाईच्या लिखाणाची सगळी मजा या छटेत आहे. दुसऱ्या मोरपिशीच्या कडा फुटल्या, ‘क’ला केस आल्यासारखे. ती बाद. तपकिरी पाण्याच्या थेंबाला टिकली नाही, पण डायरीला चालेल.

पट्टे अर्धे पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवले आहेत. दहा-बारा दिवसांत कुठली विटते ते कळेल.

दौतीसोबत कार्डावर चार ओळी जातील. आधी जुनी शाई काढा: साधं पाणी भरा, सोडा, पाणी नितळ येईपर्यंत, बोअरचं नको, क्षार बसतात. रात्रभर निब खाली करून टिपकागदावर ठेवा. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, साका धरतो. दौत उन्हात ठेवू नका.

एसटीने न्यायची असेल तर झाकणाच्या आट्यांवर नळकामाची पांढरी टेप तीन वेढे, मग प्लॅस्टिकची पिशवी, आणि दौत उभीच.