खानापूर तालुक्यातली लॅब: 12 डबे, एक सर्व्हर आणि ळ ची कळ

काल संध्याकाळी साडेपाचला बाराव्या डब्यावर, म्हणजे डब्याएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर, लॉगिनची खिडकी आली. जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या गावच्या मराठी शाळेतली कॉम्प्युटर लॅब आता पूर्ण चालू आहे. चार रविवार लागले. त्यातले दोन कुठे गेले ते सविस्तर सांगतो, म्हणजे हे काम हातात घेणाऱ्याचे तरी ते दोन वाचतील.

सामान असं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि बेळगावातून जुने एचपी टी-520 घेतले, हेच ते डबे. 4 जीबी रॅम, पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही आणि आत धूळही फारशी जात नाही. सर्व्हर म्हणजे एका ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप, 16 जीबी रॅमचा. त्यात नवी एसएसडी टाकली आणि डेबियन 12 (लिनक्स), एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आणि एलटीएसपी (एका सर्व्हरवरून सगळे डबे चालवणारी प्रणाली) चढवलं. दोन डबे सुरुवातीला चित्रच देईनात. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासले, परत बसवली, दोन्ही उठले. आमच्याकडे पावसाळाभर भिंती ओल धरून असतात. इथे बंद पडलेल्या मशीनला आधी खोडरबर, मग बाकीच्या शंका.

एलटीएसपी म्हटलं की अजून बरेच जण जुन्या पद्धतीचं चित्र डोळ्यासमोर आणतात: सगळे प्रोग्राम सर्व्हरवर चालणार, डबा नुसता पडदा दाखवणार. 1999 मध्ये तो सुरू झाला तेव्हा तसंच होतं. 2019 मध्ये मात्र तो नव्याने लिहिला गेला. आता सर्व्हर आपल्याच सिस्टीमची दाबून बसवलेली एक इमेज, म्हणजे नक्कल, बनवतो, डबा ती नेटवर्कवरून वाचतो आणि प्रोग्राम डब्याच्याच प्रोसेसरवर चालतात. मुलांच्या फाईली तेवढ्या सर्व्हरवर राहतात. म्हणून सर्व्हर साधा चालतो, पण वायर आणि स्विच चांगले लागतात. शाळेत पडून असलेला 100 एमबीपीएसचा स्विच मी वापरला नाही, याचं कारण हेच. त्यातून सर्व्हर सेकंदाला जेमतेम 12 एमबी देणार, आणि बारा डबे एकदम चालू केले की वाट्याला एकेक एमबी. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसली असती. गिगाबिटचा 16 पोर्टचा स्विच घेतला, आणि वर्गणीतला सगळ्यात योग्य खर्च मला तोच वाटतो.

आता तो वाया गेलेला रविवार. शनिवारी तीन डबे छान चालले होते. रविवारी सकाळी बाराही जोडले, नेटवर्कवरून बूट करायला एफ-12 दाबलं, आणि प्रत्येक पडद्यावर चुकीची तीच ती ओळ. डीएचसीपीकडून, म्हणजे मशीनला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) देणाऱ्या सेवेकडून, काही उत्तरच नाही. मी सर्व्हर उसवत बसलो. डीएनएसमास्क (डब्यांच्या बूटच्या विचारणांना उत्तर देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवलं, फायरवॉल तपासली, वायरी बदलून बघितल्या. दुपारी शाळेचे शिपाईमामा चहा घेऊन आले आणि सहज म्हणाले, "सर, आज हापिस बंद हाय, तिथलं बटण मी कालच काढलंय." इंटरनेटचा राउटर हेडमास्तरांच्या ऑफिसात. एलटीएसपीची डीएनएसमास्कची मांडणी राउटर असलेल्या नेटवर्कवर आपणहून आयपी वाटत नाही. ते काम आधीच्या राउटरवर सोडून ती फक्त बूट कुठून करायचं एवढं सांगते. राउटरच बंद, तर आयपी देणार कोण?

उपाय कायमचा केला. सर्व्हरमध्ये दुसरं लॅनकार्ड टाकलं, त्याला 192.168.67.1 हा आयपी दिला, प्रॉक्सी-डीएचसीपी शून्य केलं, म्हणजे लॅबला आयपीही सर्व्हरच वाटणार, आणि लॅबचा स्विच फक्त त्या कार्डाला जोडला. आता ऑफिसला कुलूप असो, इंटरनेट गेलेलं असो, लॅब आपली आपण चालते. खेड्यातल्या शाळेत पहिल्या दिवसापासून अशीच जोडणी करावी, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरा रविवार सात नंबरच्या डब्याने खाल्ला. चालू व्हायचा, पण इतरांच्या चौपट वेळ घेऊन. एथटूलने (जोडणीचा वेग सांगणाऱ्या प्रोग्रामने) बघितलं तर वेग 100 दाखवतोय. 100 ला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे वायर अर्धीच बोलत होती. जॅक उजेडात धरून बघितला: सफेद-केशरी, केशरी, सफेद-हिरवी, निळी, सफेद-निळी, हिरवी, सफेद-तपकिरी, क्रम बरोबर. आठवी तपकिरी तार मात्र टोकापासून तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिली होती, पितळी दात तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कापून नवा जॅक मारला आणि वेग 1000 वर आला.

विजेचं लवकर जमलं. डबा आणि 19 इंची मॉनिटर मिळून मीटरवर 30 वॅटच्या आसपास, त्यामुळे सगळी लॅब शाळेच्या इन्व्हर्टरवर चालते. सर्व्हर आणि स्विच यांना मात्र वेगळा यूपीएस हवाच. सर्व्हर एक क्षण डुलला तरी बाराही डबे जागच्या जागी थिजतात.

सातवीच्या मुलांची खाती केली तेव्हा एकालाही लॉगिन होईना. नवीन खाती घातली की "एलटीएसपी इनिटआरडी" ही कमांड पुन्हा चालवावी लागते, नाहीतर डब्यांना ती नावं कळतच नाहीत. सर्व्हरच्या भिंतीवर हे कागदावर लिहून लावलंय.

ज्यासाठी हा खटाटोप केला ते काल बघायला मिळालं. मराठी आणि कन्नड दोन्हीला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक, ठेवलाय: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि एका उच्चाराला दोन्ही भाषांत एकच कळ. मुलांकडून "बेळगाव" टाइप करून घेतलं: वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. मग कळफलक कन्नडवर नेला आणि म्हटलं, बोटं तशीच चालवा. अक्षरं कन्नड उमटली. पुढच्या बाकावरची एक मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, ळ तिथंच हाय की!" कन्नडच्या बाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, कन्नडमध्ये या नावातला ए ऱ्हस्व, शेवटी वि. तो ऱ्हस्व ए झेडच्या कळेवर असतो. मुलीने दोन्ही लगेच दुरुस्त केलं, फाईल जपून ठेवली, आणि उठून चार नंबरच्या डब्यावर जाऊन तीच फाईल उघडून बघितली.

पुढच्या रविवारी बाई आणि मी मिळून झेडच्या कळेवर चिकटवायला पट्ट्या कापणार आहोत, बारा.