रंग उजळले, रात्र हरवली

नवी पेठेतल्या दुकानात वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'च्या, जुन्या चित्रकथांचे पुनर्मुद्रण उघडले, तर रात्रीच्या प्रसंगातले जंगल भरदुपारी असावे तसे लखलखत होते. शाईच्या बारीक रेघा संगणकाने चढवलेल्या गुळगुळीत छटांखाली बुडाल्या होत्या आणि संवादाच्या एका फुग्यात एकाचे बोलणे चक्क दुसऱ्याच्या तोंडी गेले होते.

शेजारी उभे असलेले, चादर कारखान्याच्या रंगखात्यात आयुष्य घालवलेले एक काका पान निरखून म्हणाले, "सूत बदललं की रंगाचं मापबी बदलावं लागतंय की ओ."

नेमके तेच येथे झालेले नाही. जुनी कॉमिक्स चार शायांच्या ठिपक्यांतून, शाई शोषून घेणाऱ्या स्वस्त कागदावर छापली जात असल्यामुळे भडक रंगही त्यांत मवाळ दिसत. तेच रंग चकचकीत कागदावर डोळ्यांना टोचतात. रंगाचा निर्णय किरकोळ नसतो. वेताळाचे निर्माते ली फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता, परंतु १९३९ मध्ये रविवारची रंगीत चित्रमालिका सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि पुढे तीच त्याची ओळख ठरली.

या पुस्तकात मूळ अंकाचे वर्ष नाही, रंग नव्याने कोणी भरले याची ओळ नाही (किंमत मात्र ठळक आहे). संपादकाचे नाव तेवढे आहे. त्यांनी मूळ अंक शेजारी ठेवून एकदा तरी पाहिला असेल का?