वास गेल्यावरच्या नोंदी

सोमवार

तापसर्दीनंतर ‘तोंडाला चवच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची जीभ ठणठणीत असते. खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. डोळे मिटायचे आणि जिभेवर आळीपाळीने चिमूटभर साखर, मीठ, लिंबाच्या रसाचे दोन थेंब आणि बिनसाखरेची कडक काळी कॉफी घ्यायची. मध्ये पाण्याने खळखळून चूळ भरायची. गोड, खारट, आंबट, कडू ओळखता आलं तर जिभेची तक्रार नाही, वास गेलाय. जेवताना आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. संत्र्याच्या स्वादाची गोळी नाक चिमटीत धरून चघळली तर नुसती आंबटगोड लागते. चिमटी सोडली की लगेच संत्रं कळतं. ज्याचा वास गेलाय त्याला चिमटी सोडल्यावरही काही फरक जाणवत नाही.

मिरचीचा जाळ, पुदिन्याचा गारवा, अमोनियाची झिणझिणी हे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं काम. त्यामुळे बामाची डबी नाकाशी धरून ‘थोडा थोडा येतोय वास’ असं मनाचं समाधान करून घेऊ नये. ते नुसतं झोंबणं असतं. कोविडमध्ये काहींची खरी चव आणि तिखटाची जाणीवही मंदावली होती, तेवढा अपवाद ध्यानात ठेवायचा.

मंगळवार

साध्या सर्दीत नाक चोंदतं, हवा वरपर्यंत पोचत नाही आणि वास जातो. नाक मोकळं झालं की तो परततो. घबराट होते ती नाक स्वच्छ मोकळं असूनही काहीच येत नाही तेव्हा. नाकाच्या छतापाशी काही चौरस सेंटीमीटरचं अस्तर असतं, त्यात वास टिपणाऱ्या चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी शेजारी शेजारी असतात. कोरोना विषाणूला आत शिरायला लागणारा एसीई-२ हा ग्राहक (ग्राहक म्हणजे पेशीवरचं, ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन) या आधारपेशींवर असतो, चेतापेशींवर सहसा नसतो. आधार कोलमडला की चेतापेशी काम थांबवतात. आधारपेशी लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत येतो.

चेतापेशीच मेल्या असतील तर काम लांबतं. तळच्या पेशींपासून नव्या तयार होतात, हे शरीराचं मोठंच औदार्य. पण प्रत्येक नव्या पेशीला कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून तंतू वर पाठवून मेंदूतलं नेमकं ठिकाण गाठावं लागतं. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये चेतापेशींवरच्या, वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुकं शोधली, त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकार काम करतात. एवढ्या तारा जोडायच्या तर महिने लागणारच, काहींना वर्षाहून जास्त.

गुरुवार

वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आजही पाया आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ऐकायला पोरकट वाटते, आणि म्हणूनच लोक ती उरकून टाकतात.

गडद तपकिरी काचेच्या, घट्ट झाकणाच्या, साधारण ३० मिलिलीटरच्या चार बाटल्या घ्याव्यात. तळाशी चित्रकलेच्या जाड कागदाची गुंडाळी ठेवून तिच्यावर सुगंधी तेलाचे ४-५ थेंब. बाटलीवर नाव आणि तारीख. तेल पोटात किंवा थेट नाकात जाता कामा नये, कातडीलाही लावू नये. बाटल्या उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि कागद व तेल दोन-तीन महिन्यांनी बदलावं. नेहमी फसते ती गोष्ट वेगळीच: तेल उडून गेलेलं असतं आणि माणूस समजतो नाकच मेलं. म्हणून अधूनमधून चांगलं नाक असलेल्या कुणाकडून तरी चारही बाटल्या हुंगवून घ्याव्यात.

झाकण उघडून बाटली नाकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची. एकच लांब जोराचा श्वास ओढायचा नाही. सशासारखे छोटे छोटे हुंगे, एकूण वीसेक सेकंद. मग झाकण लावून अर्धा मिनिट साधा श्वास, आणि पुढची बाटली. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. सकाळी काही खाण्याआधी एकदा, झोपताना एकदा. हुंगताना चिठ्ठीवरचं नाव वाचायचं आणि लिंबू कापताना उडणारा तो बारीक फवारा आठवायचा. मोबाइल बघत बघत केलेला सराव हा सराव नव्हे, कारण इथे नाकाबरोबर मेंदूही कामाला लावायचा असतो.

नाकात शेंबूड भरला असेल तर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावं: उकळून गार केलेलं २४० मिलिलीटर पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. न उकळलेलं नळाचं पाणी नको. पोटात गेलं तर निरुपद्रवी असणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत पोचला तर जीव घेतो. प्रकार दुर्मीळ, पण पाणी उकळायला कितीसा वेळ लागतो?

वहीत प्रत्येक बाटलीला ० ते १० गुण द्यावेत, आठवड्यातून एकदाच. रोज गुण दिले की रोज निराशा. १२ आठवड्यांनी नवे चार वास घ्यावेत. संच बदलत ३६ आठवडे सराव केलेल्यांना जास्त फायदा झाल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं.

शनिवार

सराव सुटतो तो नेमका इथे. दोन-तीन महिन्यांनी वास यायला लागतो, पण भलताच. कॉफीला गटाराचा दर्प, कांदा-लसणाला सडका, भाजलेल्या मांसाला जळक्या रबराचा. अंडी, चॉकलेट, टूथपेस्टसुद्धा नकोशी होते. आजार उलटला असं वाटून माणूस बाटल्या फेकून देतो. वास्तविक नव्या तारा अर्धवट जुळल्याची ही खूण असते. कॉफीच्या वासात शेकडो रेणू असतात. मोजकेच ग्राहक जागे झाले की त्यातले सगळ्यात उग्र तेवढे पोचतात आणि बाकीचे गळतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा एक रेणू दाखवला, २-फ्युरॅनमिथेनथायोल. निरोगी नाकाला हाच भाजल्या कॉफीचा सुवास वाटतो.

भाजणं, तळणं, परतणं यांनी असे रेणू वाढतात आणि गरम पदार्थातून ते जास्त उडतात. म्हणून उकडलेलं किंवा कच्चं, आणि कोमट ते गार असं खावं. वास सोसवतच नसेल तर खाताना नाकाला पोहण्याची मऊ क्लिप लावावी. कुरकुरीत-मऊ, गार-कोमट असा फरक ताटात ठेवला की घास थोडा तरी जिवंत वाटतो. आंबटपणा कामी येतो. मीठ-साखर वाढवत नेणं मात्र नको, रक्तदाब आणि वजन त्याची किंमत मोजतात. चारपैकी एखादीच बाटली ओकारी आणत असेल तर तेवढीच बदलावी. आणि घरच्यांनी याला नखरे म्हणू नये. वजन उतरतं, मन खचतं, ते कुणाला दिसत नाही.

रविवार

औषधांबद्दल थोडंच लिहिण्यासारखं आहे. पोटात घ्यायच्या झिंकचा ठोस फायदा दिसलेला नाही, आणि नाकात मारायच्या झिंकच्या औषधांनी तर वास जाऊ शकतो; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा इशारा दिला होता. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा आतल्या सुजेवर चालतो, तोही डॉक्टरांनी तपासून दिला तर.

घरात धुराचा आणि गॅसगळतीचा इशारा देणारी यंत्रं बसवावीत. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळलेला मर्कॅप्टनचा दर्प या माणसाला कळणार नाही. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी, शंका आली तर टाकून द्यावं.

एकाच नाकपुडीचा वास गेला, नाकातून रक्त येतंय, डोक्याला मार लागल्यानंतर वास गेला, किंवा कुठलाही संसर्ग नसताना तो हळूहळू कमी होत गेला, तर सराव करत बसू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला लगेच दाखवावं. विषाणूनंतर गेलेला वास महिनाभरात परतला नाही तरीही दाखवावं, पण सराव त्याआधीच सुरू करायला हरकत नाही.