रडारला न दिसणारा पाऊस

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944.2 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. हवामान खात्याच्या आधुनिकीकरणाला खरा जोर आला तो या आपत्तीनंतर. ढगांतला पाऊस आणि वारा दुरून टिपणारे डॉप्लर रडार, स्वयंचलित केंद्रे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील महासंगणक हे सारे टप्प्याटप्प्याने आले आणि त्याचा लाभ कोकणाला झाला. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाने अनेक मच्छीमारांना भर समुद्रात गाठले होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले तेव्हा मात्र किनाऱ्यावरील हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती. (श्रीवर्धन-दापोलीच्या माडा-पोफळींना हलवण्याची सोय अजून निघालेली नाही.)

वादळाच्या बाबतीत साधलेले हे यश पावसाच्या बाबतीत तितके साधत नाही, आणि त्याचे एक कारण अगदी भूमितीचे आहे. रडारचा किरण जवळपास सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. त्यामुळे मुंबईहून निघालेला किरण चिपळूणच्या माथ्यावर येईपर्यंत सुमारे तीन किलोमीटर उंचीवर गेलेला असतो, आणि सह्याद्रीला अडून कोसळणारा आपला पाऊस पुष्कळदा त्याच्या खालच्याच ढगांत तयार होतो. महासंगणक कितीही मोठा आणला, तरी ही उणीव त्याने भरून निघत नाही.

म्हणूनच जमिनीवरचा पर्जन्यमापक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वयंचलित मापकात एक छोटी वाटी ठरावीक पाणी साठले की कलंडते आणि तेवढा पाऊस नोंदला जातो. पण आषाढात नरसाळ्यात आंब्याची दोन पाने अडकली किंवा आत शेवाळ धरले, की मुसळधार पावसातही आकडा रिमझिमीचा येतो, आणि तोच आकडा पुढे अंदाज वर्तवणाऱ्या संगणकीय प्रारूपात जातो. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’ या केंद्राच्या हवामानविषयक योजनेचा आराखडा दोन हजार कोटींचा आहे, त्यातून घाटमाथ्यावर मापक वाढावेत आणि ते साफ ठेवणाऱ्या माणसाचा पगार नियमित निघावा, ही माझ्या मते नव्या प्रारूपाइतकीच तातडीची गोष्ट आहे.

इशाऱ्याच्या भाषेचेही असेच. संपूर्ण जिल्ह्याला एकच ‘ऑरेंज अलर्ट’ दिल्याने हर्णैच्या बंदराला आणि खेडच्या घाटपायथ्याला एकच सूचना मिळते, वास्तविक दोघांचे धोके वेगळे. मालवणचा एक तांडेल (मासेमारी नौकेचा प्रमुख) मला म्हणाला होता, “रंग नको सांगू, वारो खयसून येतलो ता सांग.” वाऱ्याची दिशा आणि वेग मच्छीमारांसाठीच्या स्वतंत्र पत्रकात असतात; पण बातम्यांत आणि मोबाइलवर फिरतो तो रंगच.