पासष्ट ग्लास आणि पाच थर

सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा मेनू ठरवायला बसलो तेव्हा मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि मठ्ठा इथवर आम्ही पंधरा मिनिटांत पोचलो. गाडी अडली ती गोडावर. केटररने जिलबी सुचवली होती. आई म्हणाल्या, "जिलबी काय, प्रत्येक मुंजीत असते. तुझं ते काचेच्या भांड्यातलं थराथराचं कर ना, चॉकलेट-स्ट्रॉबेरीचं." नवरा म्हणाला, "आई, साठ माणसं आहेत." त्यावर "आठ जणांना करते तेच साठ जणांना करायचं, त्यात काय एवढं!" असं जे कोणी बोललं ती, सांगायला लाज वाटते, मीच.

ट्रायफल हा मूळ विलायती प्रकार. तळाला केक, त्यावर फळं, मग कस्टर्ड, वर क्रीम. मी त्यात चॉकलेटचा एक थर घालते. घरी दोन लिटरच्या काचेच्या भांड्यात करते आणि मोठ्या चमच्याने वाढते. पहिल्या दोन वाढण्यांनंतर त्या भांड्याची जी दशा होते ती साठ लोकांसमोर ठेवायची नव्हती, म्हणून प्रत्येकाला वेगळा ग्लास द्यायचं ठरवलं. प्लॅस्टिकचे कप नको होते. कोपऱ्यावरच्या मंगल केंद्रात २०० मिलीचे काचेचे ग्लास भाड्याने मिळाले. अंगचे पाच जास्त धरून ६५ घेतले.

मग हिशेबाला बसले. एका ग्लासात केक ३० ग्रॅम, फळं ४० ग्रॅम, कस्टर्ड ४५ मिली, चॉकलेट २० ग्रॅम आणि क्रीम १५ ग्रॅम. याला पासष्टने गुणलं तर केकच दोन किलो, कस्टर्डला तीन लिटर दूध. हे आकडे पाहून घाबरले नाही. घाबरले ती नंतर, फ्रीजचं दार उघडून टेप लावल्यावर. सात सेंटिमीटर व्यासाचे ग्लास एका कप्प्यात जेमतेम २४ बसत होते. दोन कप्पे पूर्ण रिकामे केले तरी ४८. उरलेले १७ समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवायचे ठरले. काकूंकडे सुके बोंबील कायम असतात आणि क्रीमला शेजारचा वास फार लवकर लागतो, हे त्यांना कसं सांगावं या विचारात माझे दोन दिवस गेले. शेवटी त्याच म्हणाल्या, "बोंबील बाल्कनीत ठेवते हो."

मंगळवारी आठ ग्लासांची रंगीत तालीम केली आणि ती चांगलीच आपटली. वेळ वाचावा म्हणून स्ट्रॉबेरी आदल्या रात्रीच चिरून साखर लावून ठेवली होती. सकाळी डब्यात अर्ध्याहून जास्त लाल पाणीच. साखर फळातलं पाणी ओढून घेते, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की तेच होतं. पण घरच्या भांड्यात ते पाणी केकमध्ये मुरून जातं आणि कळत नाही. ग्लासात मात्र कस्टर्ड गुलाबी झालं, तळाचा केक चिखल झाला आणि पाच थरांचे दीड थर उरले. मुलीने फोटो काढला आणि म्हणाली, "आई, हा मिल्कशेक आहे."

त्यावर तोडगा असा काढला की साखर लावलेल्या फोडी वेगळ्या आणि नुसत्या फोडी वेगळ्या. पाव भाग फळांना साखर लावून रस मुद्दाम सोडवायचा, गाळायचा आणि ग्लासात तळाच्या केकवर मोजून दोन चमचे घालायचा. बाकीची फळं कोरडी, आयत्या वेळी चिरलेली. शिवाय निम्म्या फळांच्या जागी बिनबियांची काळी द्राक्षं घेतली. फेब्रुवारीत ती गोड असतात, उभी चिरली तरी पाणी सोडत नाहीत आणि खिशालाही परवडतात. जाऊबाईंनी अननस सुचवला होता. त्याला मी ठाम नकार दिला. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि कस्टर्ड कडू होतं. डब्यातला किंवा शिजवलेला अननस चालतो, पण मला त्याची चवच आवडत नाही, हे खरं कारण.

शुक्रवारी केक केले. घरातले निम्मे लोक अंडं खात नाहीत, म्हणून दही आणि सोडा घालून, बिनअंड्याचे तीन. शुक्रवारी केले कारण ताजा केक चिरताना भुगा होतो आणि शिळ्याचे चौकोन स्वच्छ पडतात. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, केक शहाण्यासारखे वागले.

शनिवारी दुपारी दीर वाईहून आले. येण्याआधी मुद्दाम पसरणीचा घाट चढून पाचगणीहून स्ट्रॉबेरी आणली होती, २०० ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी दारातच चपला काढता काढता सांगितलं, जणू त्यात त्यांचाही हात होता. पनेटची रीत सगळीकडे सारखीच. वर लालबुंद टपोरी, खाली बारकी आणि दोन-चार दबलेली. दबलेली सगळी रसाकडे गेली. चांगली देठासकट धुतली. देठ आधी काढले तर त्या भोकातून पाणी आत शिरतं. मग जुन्या पंच्यावर पसरून पंख्याखाली कोरडी केली. मंगळवारनंतर मला पाण्याचा थेंब दिसला तरी राग येत होता.

आणि थेंबानेच घात केला. कस्टर्ड झालं होतं. तळाला लागतं म्हणून तीन लिटर तीन हप्त्यांत केलं होतं, आणि थराला घट्ट हवं म्हणून पावडर नेहमीच्या दीडपट. आता गनाश, म्हणजे चॉकलेटचा थर. ७०० ग्रॅम चॉकलेट आणि ६०० मिली क्रीम. एरवी गरम क्रीम चॉकलेटवर ओतते, की काम झालं. पण एवढं चॉकलेट त्यात पूर्ण वितळणार नाही असं वाटलं, म्हणून ते आधी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवायला घेतलं. छान चकचकीत झालं. ढवळायला पळी हवी होती, ती मी नळाखालची उचलली. नीट पुसली नव्हती. दोन वळसे दिले आणि बघता बघता चॉकलेट आळलं, खरखरीत झालं, भिजल्या वाळूसारखा गोळा पळीला चिकटून वर आला.

मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. संध्याकाळचे सहा, ७०० ग्रॅम चॉकलेटचा गोळा. मुलगी फोनवर काहीतरी शोधत होती. आई देवापाशी दिवा लावून आत आल्या, भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "घट्ट झालं होय? मग दूध घाल की थोडं. पुरण नाही का आपण सैल करत?" मी म्हणाले, "आई, पाण्यानेच तर बिघडलंय हे." "थोडं पडलं म्हणून बिघडलं असेल," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

त्या बरोबर होत्या. चॉकलेट म्हणजे तुपासारख्या स्निग्ध पदार्थात तरंगणारी कोरडी साखर आणि कोको. एखादा चमचा पाणी पडलं की ती साखर तेवढीच ओली होऊन एकमेकींना चिकटते. भरपूर द्रव मिळाला की पुन्हा मोकळी होते. मी गरम क्रीम एक-एक पळी घालत गेले. पहिल्या दोन पळ्यांनी आणखी वाईट झालं, तिसरीला गोळा फुटला, सहाव्या पळीला पृष्ठभागावर चमक आली. आईंना जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय तुमच्या चॉकलेटातलं."

रात्री आठला जेवणाच्या टेबलावर ६५ ग्लास मांडून कारखाना सुरू केला. नणंद केक दाबणार, मुलगी रस मोजणार, जाऊबाई फळं लावणार, मी कस्टर्ड आणि गनाश. स्ट्रॉबेरीच्या चकत्या काचेला आतून उभ्या चिकटवायच्या, कापलेली बाजू बाहेर, म्हणजे बाहेरून बदाम दिसतात, ही माझी हौस. एका ग्लासाला पाच चकत्या. बाविसाव्या ग्लासाला जाऊबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पुढच्या ४३ ग्लासांत फळं चमच्याने घातली. कस्टर्डवर गनाश ओतताना ते भोक पाडून खाली जायचं. मग कोमट केलं आणि उलट्या चमच्याच्या पाठीवरून सोडलं, तेव्हा पसरून बसायला लागलं. चमचा काचेला लागला की डाग पडायचा. नणंदेने शेवटी कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणून काचा आतून पुसल्या. साडेअकरा वाजले.

क्रीम मात्र रविवारी सकाळी. नेहमीच्या पाकिटातल्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, ते कितीही घुसळलं तरी फुलत नाही. यात माझं एकदा अर्धा तास आणि मिक्सरचं एक पातं गेलेलं आहे. त्यामुळे बोहरी आळीतून फेटायचं क्रीम, एक किलोचा खोका आणला होता. रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून अर्धवट वितळलेलं, बर्फावरच्या भांड्यात फेटलं. दुप्पट फुललं आणि तिथेच थांबले.

कार्यक्रम खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. पंच्याहत्तर कणकेच्या दिव्यांनी औक्षण, मग प्रत्येक कुटुंबाचा वेगळा फोटो, त्यामुळे पानं पाऊण तास उशिरा मांडली गेली. पुऱ्यांची दुसरी फेरी झाल्याशिवाय ग्लास खाली आणायचे नाहीत, असं मी भाच्याला तीनदा बजावलं होतं. लिफ्टमधून परातीत सोळा-सोळा ग्लास आले. बदामवाले बावीस पुढच्या रांगेत. दोघातिघांनी ग्लास वर धरून उजेडात पाहिला, तेवढं मला पुरे होतं. आईंनी त्यांचा ग्लास तळापर्यंत खरवडून संपवला आणि केटररच्या माणसाला विचारलं, मठ्ठा उरलाय का.

सोमवारी सकाळी ग्लास परत करायला मोजले तर ६३. पलंगाखाली, हॉलमध्ये, लिफ्टच्या कोपऱ्यात, सगळीकडे शोधलं. दुपारी समोरच्या काकूंनी हाक मारली. त्यांच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, कणकेच्या डब्याआड, दोन भरलेले ग्लास राहिले होते. आम्ही दोघींनी ते त्यांच्या ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ले. केक पार मुरला होता, चॉकलेट कस्टर्डला धरून बसलं होतं, रविवारच्यापेक्षा कितीतरी छान लागत होतं. काकू म्हणाल्या, "बोंबलाचा वास येतोय का गं?" किंचित येत होता. नाही म्हणाले, ग्लास विसळले आणि मंगल केंद्र बंद व्हायच्या आत पोचवून आले.