सिम्युलेटरसाठी कार्ड घेण्याआधी फ्रेमचा हिशोब

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. त्यामुळे ड्रायव्हिंग सिम्युलेटर हा विषय आपल्याकडे नुसता पुस्तकी राहिलेला नाही. पण प्रोजेक्ट हातात आला की कॉलेजची मुलं आधी इंदूरच्या जेल रोडवर जाऊन ग्राफिक्स कार्डाचे भाव विचारतात. तो प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा.

ताशी २५० किलोमीटरने गाडी सेकंदाला ६९ मीटर जाते. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर प्रत्येक चित्रात, म्हणजे फ्रेममध्ये, रस्ता १.१६ मीटर पुढे सरकतो, आणि ती फ्रेम तयार करायला तुमच्या हाती १६.७ मिलिसेकंद असतात. एक फ्रेम चुकली की तेच चित्र दुसऱ्यांदा दिसतं आणि पुढच्या फ्रेमला रस्ता एकदम २.३ मीटर उडी घेतो. चालवणाऱ्याच्या पोटात ढवळतं ते यामुळे. म्हणून सेकंदाला सरासरी ११० फ्रेम येतात या आकड्याला सिम्युलेशनमध्ये अर्थ नाही. हजारात एक फ्रेम चुकली, तरी दर १७ सेकंदांनी एक हिसका बसतो. प्रेझेंटमॉन या प्रोग्रॅमने प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवा आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा बघा.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या ओनिक्स या जुन्या ग्राफिक्स यंत्रांच्या काळात हा विचार मुळातच होता. त्यावरचं आयरिस परफॉर्मर हे सॉफ्टवेअर फ्रेमचा वेग पक्का धरायचं आणि भार वाढला की दूरच्या वस्तूंचा तपशील कमी करायचं. इन्फिनिटरिअ‍ॅलिटी हार्डवेअर तर गरज पडली की रिझोल्यूशनच खाली आणायचं. १९९८ पासूनचं ओपनसीनग्राफ हे चित्र उभं करणारं सॉफ्टवेअर त्याच वळणाचं आहे. फ्लाइटगिअर हा विमानाचा सिम्युलेटर त्यावरच चालतो. अनरिअल आणि युनिटी ही इंजिनं आली गेमच्या जगातून. तिथे आधी देखणेपण आणि मग वेग, म्हणून वेगाची शिस्त तुम्हालाच लावावी लागते. अनरिअलमध्ये ल्युमेन (चालू असतानाच प्रकाश मोजणारी सोय) बंद करून प्रकाश बेक करा, म्हणजे आधीच मोजून ठेवा, आणि डायनॅमिक रिझोल्यूशन चालू ठेवा. तरीही हिसके राहिले तर बहुधा शेडर, म्हणजे वस्तूचा रंग-प्रकाश ठरवणारा कार्डावरचा छोटा प्रोग्रॅम, दोषी असतो. नवीन मटेरियलचा ट्रक पहिल्यांदा समोर आला की ड्रायव्हर त्याच वेळी शेडर कंपाइल करायला बसतो आणि फ्रेम लटकते. त्यावर उपाय म्हणजे पीएसओ कॅशे (लागणाऱ्या शेडरांचा साठा) आधी गोळा करून सुरुवातीलाच तयार ठेवणं. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की कॅशे पुन्हा तयार करावा लागतो. डेमोच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये, ते याचसाठी.

सॉफ्टवेअर निवडताना खरा फरक अचूकतेत पडतो, आणि त्याकडे फार थोडे लोक बघतात. सर्व्हेचा डेटा बहुतेक वेळा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत, मिळतो. आपण झोन ४३ मध्ये येतो आणि इंदूरचं नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेचं अंतर) साधारण २५ लाख मीटर आहे. हा आकडा ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायचा नेहमीचा प्रकार) ठेवला तर त्याची सगळ्यात लहान पायरी होते २५ सेंटिमीटर! कडेचे दगड, पट्टे, गाडीची चाकं, सगळं पाव मीटरच्या पायऱ्यांवर थरथरतं. मुलं याला कार्डाचा दोष समजतात, पण महागातलं कार्ड लावलं तरी थरथर तशीच राहते. ट्रॅकजवळचा एक बिंदू शून्य धरून सगळे आकडे त्यातून वजा करा, आणि ही वजाबाकी डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटच्या आकड्यांत, करा, म्हणजे पायरी मिलिमीटरवर येते. अनरिअल ५ जागतिक निर्देशांक डबलमध्येच ठेवतं. ओपनसीनग्राफचे मॅट्रिक्स डबल असतात, व्हर्टेक्स (आकारांचे कोपरे) मात्र फ्लोट, म्हणून तुकड्यातुकड्याने स्थानिक मूळबिंदू द्यावा लागतो. युनिटीत मूळबिंदू गाडीबरोबर सरकवत न्यावा लागतो. गोडो या इंजिनला डबलसाठी वेगळं बिल्ड करावं लागतं.

दुसरा घोळ डेप्थ बफरचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे ते नोंदवणाऱ्या जागेचा. २४ बिटचा बफर, कॅमेऱ्याला दिसण्याची जवळची सीमा १० सेंटिमीटर आणि दूरची २० किलोमीटर ठेवली, तर एक किलोमीटरवर खोलीची पायरी सुमारे ६० सेंटिमीटर होते. डांबरावर दोन सेंटिमीटर वर ठेवलेला पांढरा पट्टा मग लुकलुकणारच. जवळची सीमा एक मीटर केली की हीच पायरी ६ सेंटिमीटरवर येते. पण बॉनेट आणि डॅशबोर्ड तेवढ्यात कापले जातात, म्हणून ते वेगळ्या पासमध्ये, म्हणजे वेगळ्या फेरीत, काढा. अनरिअल रिव्हर्स-झेड (खोलीचे आकडे उलटे ठेवून दूरची अचूकता वाढवणारी पद्धत) आपणहून वापरतं. ओपनसीनग्राफमध्ये ते आपण बसवावं लागतं.

आता कार्ड. तीन फुल एचडी पडदे म्हणजे ५७६० बाय १०८०, सुमारे ६२ लाख पिक्सेल. एका फोर-के पडद्याचे ८३ लाख होतात. म्हणजे तीन पडद्यांना एनव्हिडियाचं एकच चांगलं जीफोर्स कार्ड पुरतं. मात्र एका कॅमेऱ्याने तिन्ही पडदे भरू नका, कडेची झाडं ताणली जातात. प्रत्येक पडद्याला स्वतःचा कोन असलेला कॅमेरा द्या. मग ड्रॉ कॉल (सीपीयूने कार्डाला दिलेले चित्र काढायचे हुकूम) जवळपास तिप्पट होतात आणि भार सीपीयूवर जातो. अनरिअलमध्ये स्टॅट युनिट ही कमांड लावल्यावर जीपीयूपेक्षा ड्रॉचा आकडा मोठा दिसला, तर पैसे सीपीयूवर घाला. तीन वेगळे संगणक आणि तीन प्रोजेक्टर असतील तर जेनलॉक (सगळ्यांची फ्रेम एकाच क्षणी बदलणारी सोय) लागतो. तो जीफोर्समध्ये नाही. व्यावसायिक आरटीएक्स कार्ड आणि क्वाड्रो सिंक बोर्ड घ्यावा लागतो. कॉलेजच्या बजेटला हा रस्ता झेपत नाही, आणि तीन पडद्यांसाठी त्याची गरजही नाही. मॅकचा विचार सोडा. अ‍ॅपलने ओपनजीएल, म्हणजे ओपनसीनग्राफ ज्यावर चालतं ती ग्राफिक्सची पद्धत, २०१८ मध्येच कालबाह्य ठरवली.

मेमरीचा अंदाज कागदावर निघतो. ४०९६ बाय ४०९६चं साधं टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) ६४ एमबी, मिपमॅप (त्याच्याच लहान प्रती) धरून ८५. तेच बीसी-७ या कॉम्प्रेशनमध्ये २१ एमबी. आधी टेक्स्चर कॉम्प्रेस करा, मग १६ जीबीचं कार्ड हवं की कसं ते ठरवा.

स्टिअरिंगपासून पडद्यापर्यंतचा उशीर मोजायला मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरे. चाक आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, चाक हललं तिथपासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ४.२ ने गुणा, म्हणजे उशीर मिलिसेकंदांत मिळतो. तीन फ्रेम रांगेत अडकल्या असतील तर तिथेच ५० मिलिसेकंद जातात. प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरकं चित्र सरळ करणारी सोय) आणि चित्र सुधारणारे पर्याय बंद केले की आणखी काही वाचतात.

अंतिम चाचणी मे महिन्यात दुपारी घ्या, खोलीचं दार लावून, निदान अर्धा तास. सोबत एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने कार्डाचं तापमान आणि क्लॉक (त्याचा वेग) नोंदवत राहा. ८३ अंशांच्या आसपास क्लॉक घसरू लागला तर आधी जाळीतली धूळ काढा. मग पॉवर लिमिट दहा टक्के खाली आणा आणि क्लॉक टिकेल अशा आकड्यावर लॉक करा. थोडा कमी पण स्थिर क्लॉक मिळाला की १६.७ मिलिसेकंदांचा हिशोब त्याच आकड्यावर पुन्हा मांडा.